मागच्या तळ्यावरचा कायोटी आणि आमचा लाडू

अनघा_वि

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका सबर्बमध्ये आम्ही मागच्या ऑगस्टमध्ये घर घेतलं. मागे रिटेन्शन पाँड (पावसाचं पाणी साठवायचं तळं), त्याला लागून कमरेएवढ्या गवताची पट्टी, पलीकडे सायकल ट्रेल. घर दाखवताना एजंटबाईंनी 'मागे शेजारी नाही' हे तीनदा सांगितलं होतं. शेजारी आहे असं आता कळलंय.

गेल्या गुरुवारी साबु (सासरेबुवा) नेहमीसारखे पहाटे पावणेसहाला लाडूला घेऊन ट्रेलवर गेले. (लाडू म्हणजे आमचा शिट्झू कुत्रा, अकरा पाउंडांचा. स्वतःला तो शंभर पाउंडांचा समजतो.) परत आले ते घामाघूम. म्हणाले, 'लांडगा मागे लागला होता.' तीस-चाळीस फुटांवरून चालत होता म्हणे. हे थांबले की तोही थांबायचा, हे निघाले की तोही निघायचा. ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत आला आणि तिथून गवतात गडप झाला. आम्ही आधी हसण्यावारी नेलं, कारण साबुंच्या गोष्टीत सरडा घोरपड होतो. पण शनिवारी सकाळी आठ वाजता, लख्ख उन्हात, मी चहा गाळत असताना तोच प्राणी आमच्या डेकच्या पायऱ्यांखाली गवत हुंगत फिरताना दिसला. काच वाजवली तर मान वर करून बघितलं आणि परत हुंगायला लागला! फोटो काढून शेजाऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, हा कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा वन्यप्राणी.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. आता मे महिना, म्हणजे ती दिवसभर बॅकयार्डमध्ये. कुंपण नाही. दिवसाउजेडी फिरतो म्हणजे रेबीज असेल का? कुणाला कळवायचं? कुंपण घातलं तर उपयोग होतो का? आणि साबुंना फिरायला जाऊ द्यायचं का? (नको म्हटलं तर ऐकणाऱ्यातले नाहीत. सध्या नवऱ्याची गोल्फची काठी घेऊन जातात, त्याची मला कायोटीपेक्षा जास्त भीती वाटते.)

खारूताई

अगं, आमच्याकडे न्यू जर्सीतसुद्धा आहेत. रात्री ओरडायला लागले की वाटतं वीस-पंचवीस जमलेत. एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) मेल केली तर उत्तर आलं, 'ते वन्यप्राणी आहेत.' धन्यवाद, आम्हाला वाटलं होतं भाडेकरू आहेत. लक्ष ठेवतेय या धाग्यावर.

जुनंखोड

अनघा, मी तुझ्यापासून बहुधा तासाभराच्या अंतरावर राहतो, आणि अशाच एका तळ्याकाठी एकोणीस वर्षं काढली आहेत. जरा लांबण लावतो, चालवून घे.

आधी साबुंच्या किश्श्याबद्दल. पूर्ण पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनीच सांगितली आहे: तो पुलापर्यंत आला आणि थांबला. कायोटींची जोडी जानेवारी ते मार्चमध्ये जमते, साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, पिल्लं होतात. बिळाच्या आसपास कुणी कुत्रं घेऊन आलं की नर किंवा मादी त्याला अशी 'सोडायला' येते. अंतर ठेवून मागे चालायचं, आपल्या हद्दीबाहेर गेला की परत फिरायचं. शिकार करायची असती तर इतका वेळ समोर दिसत राहिला नसता. माझा अंदाज, बीळ त्या गवताच्या पट्टीत किंवा ओढ्याच्या काठावर कुठेतरी आहे आणि पूल ही त्यांची वेस आहे. तेव्हा जुलै संपेपर्यंत साबुंनी दुसरीकडून फिरायला जावं. घराच्या पुढच्या बाजूने, फुटपाथवरून. कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

दिवसा दिसला म्हणजे रेबीज, हे मात्र डोक्यातून काढून टाक. मुळात तो दिवसाही हिंडणारा प्राणी. शहरात माणसांना टाळायला रात्रपाळी करतो आणि पिल्लांची तोंडं भरायची असली की दोन्ही पाळ्या करतो. कुत्र्यांमधून पसरणारा रेबीजचा प्रकार दक्षिण टेक्सासात 1988 पासून कायोटींमध्ये पसरला होता, तेव्हा 1995 पासून विमानातून लशीची आमिषं टाकून तो आटोक्यात आणला. आज कायोटीला रेबीज झालेला सापडणं दुर्मीळ. झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा, कशाचंही भान नसलेला प्राणी दिसला तर मात्र जवळ न जाता लगेच कळवायचं. आणि चावलाच कधी, तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून थेट डॉक्टर, 'बघू उद्या' नाही. केस गेलेला, शेपटीची दोरी झालेला दिसला तर ती खरूज. ती बरीच दिसते, आणि तसले आजारी प्राणी घराजवळ, डेकखाली आसरा शोधतात.

तुझ्या पोस्टमधली खरी काळजीची गोष्ट गुरुवारची नाही, शनिवारची आहे. काच वाजवली तरी गेला नाही. आणि *काय* हुंगत होता? डेकच्या खाली काय आहे? कायोटी उगाच वेळ घालवत नाही. एखाद्या जागी परत परत येतो म्हणजे तिथे त्याला काहीतरी मिळालेलं आहे. बर्ड फीडर आहे का? त्याखाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांवर हा येतो. ग्रिलचा तेलाचा ट्रे? लाडूचं खाणं बाहेर ठेवता? गार्बेज कॅन आदल्या रात्रीच बाहेर? झाडाखाली पडलेली फळं? तो मांसाहारी असला तरी फळांवर ताव मारतो. आपल्याच कुक काउंटीत (म्हणजे शिकागोच्या) 2000 सालापासून वन्यजीव शास्त्रज्ञ स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींना कॉलर लावून अभ्यास करताहेत. त्यांनी चौदाशेहून जास्त विष्ठांचे नमुने तपासले (कुणाच्या नशिबी काय काम येईल सांगता येत नाही). 42 टक्क्यांत छोटे उंदीरवर्गीय प्राणी, 23 टक्क्यांत फळं, 22 टक्क्यांत हरणं, 18 टक्क्यांत ससे. बेरीज शंभरावर जाते कारण एकाच नमुन्यात दोन-तीन गोष्टी असतात. मांजरं एक टक्क्याच्या आसपास.

त्या एक टक्क्यात आमचं मांजर होतं. 2009 मध्ये. पिवळं, जाडं, 'बाहेर जाऊ द्या' म्हणून दारावर डोकं आपटणारं. मी रात्री अकराला दार उघडायचो. एका सकाळी त्याचा पट्टाच फक्त तळ्याकाठी सापडला. कायोटीला शिव्या घालण्यात माझा महिना गेला. मग लक्षात आलं की मांजराचं खाणं मीच पॅटिओवर रात्रभर ठेवत होतो. तेव्हापासून घरात मांजर असतं ते घरातच असतं, आणि बाहेर वाटी नसते.

आता हाकलायचं कसं. काच वाजवू नकोस, आतून ओरडू नकोस. गाडीत बसून हॉर्नही नको. त्याला कळलं पाहिजे की हा आवाज *माणूस* करतंय. दार उघडून बाहेर ये, हात वर, अंगावर ओरड, दोन पावलं पुढे टाक. गार्डन होजचा फवारा उत्तम. डब्यात नाणी घालून खडखडाट, शिट्टी, एअर हॉर्न, काहीही. दर वेळी तेच वापरू नकोस, सरावतो. आणि मुख्य म्हणजे तो नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही. दहा फूट मागे सरकून वळून बघतो, तेव्हा आपण 'गेला वाटतं' म्हणून आत आलो की तो शिकतो, थोडं थांबलं की ही माणसं दमतात. मी पहिल्यांदा हे केलं ते गाउन घालून, पहाटे, आणि आवाजच फुटेना. बायको दारातून म्हणाली, 'तू त्याला हाकलतोयस की बोलावतोयस?'

हे सगळं तुमच्या अंगणात. बिळाजवळ नाही. तिथे गोल्फची काठी परजत उभं राहिलं तर तो पिल्लांसाठी मागे हटणार नाही. तिथे लाडूला उचलून घ्यायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत निघून जायचं. पळायचं कुठेच नाही, पाठ दाखवायची नाही. लीश सहा फुटांची साधी, ती बटण दाबून वीस फूट सुटणारी नको. लहान कुत्रं वीस फुटांवर एकटं म्हणजे त्याच्या हिशेबात ससाच.

लेकीबद्दल: माणसांवरचे हल्ले फार कमी. अमेरिका-कॅनडात नोंद झालेले जीवघेणे हल्ले दोन, 1981 मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला तीन वर्षांची मुलगी आणि 2009 मध्ये नोव्हा स्कॉशियाच्या केप ब्रेटन हायलँड्स नॅशनल पार्कात एकोणीस वर्षांची तरुणी. पाळीव कुत्रे इथे दर वर्षी लाखो लोकांना चावतात. तरीही, पहिली घटना घराच्या दारातली होती हे मी विसरत नाही. चार वर्षांच्या मुलीला अंगणात एकटी सोडू नकोस, निदान हा इतका धीट असेपर्यंत. तिला आत्ताच शिकव: दिसला तर पळायचं नाही, 'मोठं' व्हायचं आणि ओरडायचं. मुलांना ओरडायची परवानगी मिळाली की ती मन लावून सराव करतात.

निमिष

काका, सगळं ठीक, पण इतकं सगळं माणसांनीच का करायचं? पिंजरा लावून पकडा आणि पन्नास मैलांवर जंगलात सोडा. नाहीतर सरळ मारा. शेतकरी मारतातच की.

जुनंखोड

निमिष, शंभर वर्षांहून जास्त काळ या देशात हेच चाललंय. विष, सापळे, बंदुका, हेलिकॉप्टरसुद्धा. त्या काळात कायोटी पश्चिमेच्या गवताळ मैदानांतून निघून हवाई वगळता प्रत्येक राज्यात पोचला. लांडगे आपण संपवले आणि त्यांची मोकळी झालेली जागा याने घेतली.

पकडून सोडायला बऱ्याच राज्यांत मनाईच आहे. आणि सोडलेला तिथे थांबत नाही, कारण ती जागा आधीच दुसऱ्या जोडीची असते. मग घर शोधत हायवे ओलांडतो आणि गाडीखाली जातो. इकडे अनघाच्या तळ्याची जागा रिकामी झाली की हिंडणारा नवा नर-मादी काही आठवड्यांत येऊन बसतात, ज्यांना तुमच्या गल्लीची काहीच रीत माहीत नाही. जुनी जोडी परवडली. ती आपल्या हद्दीत इतर कायोटींना येऊ देत नाही. शिवाय फार एकनिष्ठ: शिकागोच्या अभ्यासात त्यांनी पिल्लांच्या जनुकीय चाचण्या केल्या, जोडीबाहेरचं एकही प्रकरण निघालं नाही. आपल्या सबडिव्हिजनबद्दल असं छातीठोक सांगता येईल का, मला शंका आहे. (दिवे घे, म्हणजे गमतीत घे.)

माणसांवर धावून येणारा एखादा निघालाच, तर त्याला काढावं लागतं, त्याबद्दल मी हळवा नाही. पण तो तसा झाला कसा, हे बघितलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा तयार होतो. आणि उंदरांसाठी विषाचे डबे लावत असाल तर काढा. विष खाल्लेला उंदीर तो खातो, ते त्याच्यात उतरतं. घुबडांतही.

खारूताई, तुमचे वीस-पंचवीस बहुधा दोन किंवा तीन आहेत. दोघं मिळून इतके चढ-उतार आणि लकेरी घेतात की ऐकणाऱ्याला फौज वाटते. गावाकडची कोल्हेकुई आठवते ना? तसंच.

ओलीसांज

व्हँकूवरमधून लिहितेय. काकांच्या 'तो तसा झाला कसा' याला पुरवणी. आमच्या स्टॅन्ली पार्कात डिसेंबर 2020 पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कायोटींनी 45 जणांना जखमी केलं. धावणारे, सायकलवाले, लहान मुलं. मी रोज त्या रस्त्याने धावायचे. पार्क रात्री बंद ठेवायची वेळ आली आणि शेवटी काही कायोटी मारावे लागले. त्याआधीचे कित्येक महिने लोक तिथे काय करत होते? फोटोसाठी सँडविचचे तुकडे टाकत होते. मी स्वतः एका आजोबांना गाडीच्या डिकीतून चिकन काढताना पाहिलंय. काही बोलले नाही. वाटलं, प्रेमाने करताहेत.

खारूताई

दोनच?? मग उरलेल्या वीसजणांना मी उगाच घाबरत होते.

कुंपणाचं राहिलं बघा काका.

जुनंखोड

खरंच राहिलं. चार फुटी कुंपण म्हणजे त्याला उंबरठा. सहा फूट तरी हवं, आणि वरच्या कडेला फिरणारा रोलर, म्हणजे पंजा ठेवला की पाइप गरगरतो आणि तो खाली. उकरून खालून येऊ नये म्हणून जाळी जमिनीत बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून पुरायची. माझ्या एचओएने सहा फुटांना नकार दिला, तेव्हा मी पैसे वाचवले आणि स्वतः कुत्र्याबरोबर बाहेर उभा राहायला लागलो. जमिनीखाली तार घालून कुत्र्याच्या पट्ट्याला झटका देणारं 'अदृश्य कुंपण' असतं ना, ते या कामाला अगदीच कुचकामी. आपलं कुत्रं आत अडकतं आणि कायोटीला कुणीच अडवत नाही. वाढलेल्या ताटासारखं.

अनघा_वि

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण मधल्या दोन आठवड्यांत घरात चौकशी समिती बसली होती.

काकांचा 'डेकखाली काय आहे?' हा प्रश्न मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. फीडर नाही, लाडू आत जेवतो, ग्रिल अजून कव्हरमध्ये, कॅन गराजमध्ये. आम्ही अगदी निर्दोष. साबा (सासूबाई) नेमक्या त्याच वेळी कोथिंबीर निवडण्यात फार गढून गेल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, 'मी आपलं थोडंसं काऊचिऊला...'

त्या मार्चमध्ये आल्या. तेव्हापासून रोज पहाटे आम्ही उठायच्या आत रात्रीचा उरलेला भात, पोळीचे तुकडे, कधी वरणाची खरवड, डेकच्या पायऱ्यांखाली एका थर्माकोलच्या ताटलीत. 'ताटली रोज चाटूनपुसून स्वच्छ असते, इथले पक्षी फार शहाणे' असं त्यांनी मावशींना फोनवर सांगितलेलंही होतं. दोनदा ताटलीच गायब झाली होती, तेव्हा त्यांना वारा वाटला.

मी रागावणार होते, पण त्यांचा चेहरा बघून जमलं नाही. भारतात पन्नास वर्षं खिडकीत घास ठेवल्याशिवाय त्या जेवल्या नाहीत. 'म्हणजे मीच त्याला रोज पान वाढत होते होय!' म्हणाल्या आणि आधी घाबरल्या, मग इतक्या हसल्या की ठसका लागला. मग ओलीसांजचं पोस्ट वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाल्या. संध्याकाळी स्वतःहून विचारलं, 'माझ्यामुळे त्याला मारतील का गं?' आता उरलेल्या भाताचे थालीपीठ-वडे होतात. काऊचिऊंसाठी पाण्याचं भांडं मागितलं होतं. तेसुद्धा काही दिवस नको म्हटलं, तहान लागलेला कुणीही येतो. मानलं.

तो मात्र यायचा थांबला नाही, निदान पहिले पाच-सहा दिवस. रोज त्याच वेळी पायऱ्यांखाली हजर, ताटली कुठे गेली म्हणून. हाकलायचं खातं साबुंकडे दिलं, त्यांना काहीतरी मोहीम हवीच होती. गोल्फची काठी जप्त केली. त्यांनी स्टीलचं ताट आणि लाटणं घेतलं. पहिल्या सकाळी दार उघडून ताट बडवत, 'हाड् हाड्, चल नीघ' करत पायऱ्या उतरले. तो वीस फूट गेला आणि वळून उभा राहिला. काकांनी सांगितलं होतं म्हणून साबु थांबले नाहीत, गवताच्या कडेपर्यंत गेले. समोरच्या घरातले दिवे लागले. दुसऱ्या दिवशी होज. तिसऱ्या दिवशी ताट नुसतं दिसलं तरी निघाला. परवापासून दिसलेला नाही, पण पहाटे तळ्यापलीकडून आवाज येतो. साबु आता लाडूला घेऊन पुढच्या रस्त्याने जातात, सहा फुटी लीश, कुरकुर करत, कारण तिकडे बदकं नाहीत.

मुलगी दिवसभर 'मोठी' होण्याचा सराव करतेय. काल पोस्टमनवर केला.

एक प्रश्न उरलाय. उजवीकडच्या घरात एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे तीन फीडर आहेत आणि खाली दाण्यांचा सडा असतो. त्यांना कसं सांगू? पक्षी एवढाच त्यांना विरंगुळा आहे.

जुनंखोड

साबांना घेऊन जा. त्यांनी स्वतःची गोष्ट सांगावी, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. फीडर काढा म्हणू नका. खाली ट्रे लावायला आणि सांडलेलं रोज संध्याकाळी झाडून घ्यायला तुम्ही मदत करता म्हणा. झाडायला साबुंना धाडा, नाहीतरी त्यांची मोहीम संपत आली आहे.